रोम ते मिलान: एकाच रुळावरच्या दोन कंपन्यांपैकी कोणाची गाडी घ्यावी?

मिऱ्या_बंदर (रत्नागिरी)

नमस्कार. आमची मुलगी इटलीत, मिलानच्या दक्षिणेला असलेल्या पाविया या गावच्या विद्यापीठात शिकते. आंब्याचा हंगाम आटोपला की जूनमध्ये मी आणि सौ. तिच्याकडे जाणार आहोत. विमानाने जाणे आणि येणे दोन्ही रोमहून आहे, कारण मिलानच्या तुलनेत त्या तिकिटात बराच फरक पडत होता. उतरल्यावर काही दिवस रोम, मग फ्लॉरेन्स, तिथून पाविया आणि परतताना पावियाहून थेट रोमचा फ्युमिचिनो विमानतळ असा बेत आखला आहे. मुलीच्या परीक्षा त्याच सुमारास असल्यामुळे ती आम्हाला न्यायला किंवा पोहोचवायला येऊ शकणार नाही, म्हणजे रेल्वेचा सारा प्रवास आम्हा दोघांनाच करायचा आहे. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत आणि सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे.

अडचण अशी की, रोम, फ्लॉरेन्स आणि मिलान या मार्गावर सरकारी त्रेनितालियाची फ्रेच्चारोस्सा धावते आणि खाजगी इतालोही धावते. वेळा जवळजवळ सारख्या, थांबे बरेचसे सारखे, आणि चित्रात पाहाव्यात तर गाड्याही दोन्ही लाल. आपल्याकडे कोकण रेल्वेवर आपण वंदे भारत, तेजस, जनशताब्दी आणि मांडवी यांच्यात निवड करतो, पण पैसे शेवटी एकाच गल्ल्यात जातात. एक गाडी चुकली तर त्याच खिडकीवर जाऊन विचारता येते. एकाच मार्गावर दोन मालक हा अनुभव आपल्याला फार तर एसटी आणि खाजगी ट्रॅव्हल्स यांचा. गणपतीच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सवाले भाड्याचे काय करतात ते इथे सर्वांना ठाऊक असल्यामुळे खाजगी म्हटले की मनात आधी शंका येते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की या दोन कंपन्यांत खरोखर फरक कशात आहे. सकाळी पाहिलेले भाडे संध्याकाळी वेगळे दिसते, त्याचे गणित काय? आणि सगळी तिकिटे एकाच कंपनीची घ्यावीत, की ज्या टप्प्यावर जी स्वस्त मिळेल ती घेतली तरी चालते?

दर्यावर्दी (दाभोळ)

काका, नमस्कार. मी प्रवासी जहाजावर नोकरी करतो आणि जहाज चिविताव्हेक्किया बंदराला लागले किंवा सुट्टी सुरू झाली की रोमहून उत्तरेकडे मित्रांकडे जाणे होते. दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांतून बसलेलो आहे, त्यामुळे जे पाहिले ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे वेगात फरक शोधत बसू नका. रूळ एकच आहेत आणि दोन्ही गाड्या नव्या मार्गावर ताशी 300 किलोमीटरपर्यंत जातात. रोम ते मिलान हे अंतर आपल्या सीएसएमटी ते मडगाव एवढेच भरेल. आपली वंदे भारत पावसाळा सोडून पावणेआठ तास घेते, तिथे दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांना तीन ते साडेतीन तास लागतात, आणि हा अर्ध्या तासाचा फरकसुद्धा मधल्या थांब्यांमुळे पडतो, कंपनीमुळे नाही.

भाड्याचे गणित विमानासारखे आहे. प्रत्येक गाडीत स्वस्त दराच्या ठरावीक जागा असतात आणि त्या संपल्या की पुढचा दर उघडतो. रोम ते मिलान हेच तिकीट काही आठवडे आधी घेतले तर साधारण तीस-चाळीस युरोत मिळून जाते आणि ऐन दिवशी त्यालाच शंभरच्या आसपास मोजावे लागतात. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ महाग, मंगळवार किंवा बुधवारची दुपार स्वस्त. ट्रॅव्हल्सशी तुलना केलीत ती एवढ्यापुरती खरी आहे, पण एक मोठा फरक लक्षात घ्या: इथे सरकारी कंपनीही हेच करते. त्यामुळे खाजगी म्हणजे महाग हा हिशेब इथे लागू पडत नाही, उलट इतालोच्या संकेतस्थळावर सवलतीचे कोड वरचेवर येत असतात आणि ते वापरले की पुष्कळदा तीच स्वस्त पडते. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी दोन्हीकडे सभासदत्वाशी जोडलेल्या सवलती आहेत आणि सभासदत्व फुकट आहे, ते आधी घेऊन ठेवा. आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये जी बंद झाली ती झालीच, निदान तिथे तरी वयाचा फायदा घ्या.

आतल्या सोयींविषयी सांगायचे तर फ्रेच्चारोस्सात खानपानाचा स्वतंत्र डबा असतो, उभे राहून कॉफी घेता येते. इतालोत तसा डबा नाही, पैसे टाकून चहा-कॉफी आणि बिस्किटे घेण्याची यंत्रे आहेत. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे निवड मर्यादितच, त्यामुळे डबा बरोबर ठेवलेला बरा. मावशींच्या गुडघ्यासाठी मात्र एक सुचवतो. सर्वांत खालच्या वर्गात, म्हणजे इतालोच्या स्मार्ट आणि फ्रेच्चारोस्साच्या स्टँडर्ड वर्गात, एका ओळीत दोन अधिक दोन आसने असतात. इतालोचा प्रीमा आणि फ्रेच्चारोस्साचा बिझनेस घेतला तर दोन अधिक एक अशी रुंद आसने मिळतात. कधी कधी या दोन वर्गांतला फरक थोड्याच युरोंचा असतो, म्हणून नुसते सर्वांत स्वस्त तिकीट पाहून खाली सरकू नका, वरच्या वर्गाचा भावही उघडून पाहा.

जाता जाता: इतालोचा 50 टक्के हिस्सा विकत घेण्याचा करार 2023 साली एमएससी या जहाज कंपनीने केला. जिच्या जहाजांवर आपल्याकडची कितीतरी मुले आहेत तीच ही कंपनी. त्यामुळे तिकिटात आम्हाला काही सूट मिळते का असे गावाकडून मला विचारले जाते. मिळत नाही.

माझे मत विचाराल तर प्रत्येक टप्प्याला जे स्वस्त आणि सोयीच्या वेळेचे असेल ते घ्या. कंपनीवर निष्ठा ठेवण्यासारखे दोघींतही काही नाही.

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)

दर्यावर्दी यांचे बाकीचे सर्व मान्य आहे, पण शेवटचे वाक्य या प्रवासाला जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण काकांचा प्रवास मिलानला संपत नाही, पावियाला संपतो, आणि परतीचा तर पावियालाच सुरू होतो. मी बोलोन्याला नोकरीनिमित्त राहिलेली आहे आणि अशा जोडप्रवासांतच लोकांची फसगत होताना पाहिली आहे.

फ्लॉरेन्सहून थेट पावियाला ना फ्रेच्चारोस्सा जात, ना इतालो. मिलानहून तिथे त्रेनोर्द नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या स्थानिक गाडीने जावे लागते. ही कंपनी लोम्बार्दी प्रांतातल्या गाड्या चालवते आणि तिची निम्मी मालकी त्रेनितालियाकडे आहे. तेव्हा प्रश्न दोन कंपन्यांतून निवडण्याचा दिसत असला तरी प्रत्यक्षात तिघी गुंतलेल्या आहेत.

आता जाण्याचा आणि येण्याचा विचार वेगवेगळा करा. जाताना आधी वेगवान गाडी आणि मग स्थानिक गाडी असा क्रम आहे. स्थानिक गाडीला आरक्षण नसते, भाडे ठरलेले असते, आणि एस 13 ही मिलान-पाविया गाडी दिवसा साधारण दर अर्ध्या तासाने सुटते. फ्लॉरेन्सहून येणारी गाडी तासभर उशिरा आली तरी तुमचे काही बुडत नाही, पुढच्या गाडीत बसायचे. म्हणून जाताना खुशाल इतालो घ्या, फ्रेच्चारोस्सा घ्या, दर्यावर्दी म्हणतात तसे जे स्वस्त असेल ते घ्या.

येताना क्रम उलटा होतो आणि धोका तिथे आहे. पावियाहून निघालेली स्थानिक गाडी वीस मिनिटे रखडली आणि तुमची आरक्षित वेगवान गाडी निघून गेली, तर दोन तिकिटे दोन कंपन्यांची वेगवेगळी काढलेली असताना दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढच्या गाडीत बसवण्याचे कोणतेही बंधन नाही. तिच्या लेखी तुम्ही फलाटावर वेळेत आला नाहीत, एवढेच. स्वस्तातले तिकीट असेल तर ते तिथेच संपले आणि नवे त्या क्षणीच्या भावाने घ्यायचे. याउलट सारा प्रवास एकाच व्यवहारात, एकच तिकीट म्हणून घेतलेला असेल, तर युरोपीय संघाच्या 2021 च्या रेल्वे प्रवासी हक्कांच्या नियमानुसार, जो जून 2023 पासून लागू आहे, चुकलेल्या जोडगाडीची जबाबदारी कंपनीवर येते. अंतिम ठिकाणी 60 ते 119 मिनिटे उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तास किंवा त्याहून अधिक झाला तर 50 टक्के भरपाईही मागता येते. काही अपवाद आहेत, नैसर्गिक आपत्ती वगैरे, पण गाभा हा आहे. त्रेनितालियाच्या संकेतस्थळावर पाविया ते रोम असा शोध घेतला की स्थानिक गाडी जोडलेला पर्याय दिसतो. मात्र ते एकसंध तिकीट आहे की सुट्या तिकिटांचा संच आहे हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्या. तिकिटे स्वतंत्र करारांची असतील तर विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगणे त्याच नियमाने बंधनकारक केलेले आहे.

आणि विमान? विमान चुकले तर रेल्वे कंपनी, मग ती कोणतीही असो, विमानाच्या तिकिटाचे पैसे देत नाही. तेव्हा परतीला आदल्या दिवशी रोमला येऊन राहणे हाच माझा सल्ला आहे, कंपनी कोणती हा विचार त्यानंतरचा.

मिऱ्या_बंदर (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. क्रम उलटला की धोका बदलतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता एक उपप्रश्न. मुलगी म्हणते की मिलानच्या मुख्य स्थानकापर्यंत जाऊच नका, त्याच्या आधी रोगोरेदो नावाचे स्थानक आहे तिथे उतरा. पण अनोळखी ठिकाणी आडबाजूच्या स्थानकावर उतरण्याचे सौ.च्या मनात नाही, आणि मुख्य स्थानक मोठे असल्यामुळे तिथे सोयी अधिक असतील असे तिचे म्हणणे आहे. बॅगा दोन मोठ्या असणार आहेत (आमसुले, कोकम आगळ आणि आंब्याचा डबाबंद रस हे सर्व मुलीला हवेच आहे), त्यामुळे चढ-उतार जितकी टळेल तितकी बरी.

सायडिंगला_उभा (कुडाळ)

रेल्वे हा माझा जुना नाद असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, चालवून घ्यावे.

स्थानकाबाबत कन्या बरोबर सांगते आहे. रोगोरेदो मिलानच्या दक्षिण अंगाला आहे आणि पावियाही दक्षिणेला. मुख्य स्थानकापर्यंत, म्हणजे मिलानो चेंत्रालेपर्यंत, गेलात तर शहराच्या वरच्या बाजूला जाऊन पुन्हा खाली यायचे. शिवाय तिथून पावियाला स्थानिक गाड्या असल्या तरी एस 13 चेंत्रालेला येतच नाही, ती रोगोरेदोवरून जाते. दोन्ही कंपन्यांच्या काही गाड्या रोगोरेदोला थांबतात, सर्व नाही. तेव्हा इतालो की फ्रेच्चारोस्सा हे ठरवण्याआधी तुमच्या सोयीच्या वेळेची कोणती गाडी रोगोरेदोला थांबते ते पाहा, आणि बहुतेक वेळा निवड आपोआप होऊन जाईल. वहिनींची शंकाही अगदीच अनाठायी नाही, रात्री उशिरा त्या स्थानकाचा परिसर चांगला समजला जात नाही. दुपारी उतरा, फलाट बदला आणि पुढे निघा, बाहेर पडण्याचे कारणच नाही.

स्थानकाच्या नावातले शब्द पुरते वाचण्याची सवय मात्र ठेवा. सावंतवाडी रोडला उतरलेल्या नवख्या माणसाला गाव जसे समोर दिसत नाही, रिक्षा करून जावे लागते, तसेच तिथे नेपल्सच्या बाबतीत होते. नापोली आफ्रागोला हे 2017 साली उघडलेले देखणे स्थानक शहराबाहेर आहे आणि नापोली चेंत्राले शहरात. स्वस्त दिसले म्हणून पॉम्पेई पाहायला निघालेल्या पर्यटकाने आफ्रागोलाचे तिकीट काढले की दिवसाचे गणित बिघडलेच. रोममध्येही तेर्मिनी आणि तिबुर्तिना अशी दोन आहेत. दोन्ही कामाची आहेत, पण विमानतळाचा विचार केला तर फरक पडतो. तेर्मिनीहून फ्युमिचिनोला थेट लिओनार्दो एक्स्प्रेस जाते, भाडे 14 युरो. तिबुर्तिनाहून एफएल 1 ही साधी लोकल जाते, ती वेळ जास्त घेते पण स्वस्त पडते. ही एफएल 1 तेर्मिनीला येत नाही. परतीच्या दिवशी बॅगा घेऊन रोममध्ये स्थानक बदलायची वेळ येऊ नये म्हणून हे आधीच जुळवून ठेवा.

इतालोविषयी जुन्या प्रवासवर्णनांत एक माहिती सापडते, ती आता लागू नाही. 28 एप्रिल 2012 रोजी ती सुरू झाली तेव्हा तिला रोममध्ये तिबुर्तिना आणि ओस्तिएन्से आणि मिलानमध्ये पोर्ता गारिबाल्दी अशा दुय्यम स्थानकांवर समाधान मानावे लागले होते, त्यामुळे मध्यवर्ती स्थानक हवे असेल तर सरकारीच गाडी घ्या असा सल्ला तेव्हा दिला जाई आणि तो योग्यही होता. पुढे तिला तेर्मिनी आणि चेंत्राले दोन्ही मिळाली आणि हा फरक मिटला.

स्पर्धेचा लाभ प्रवाशांना झाला हे खरे आहे. इतालो आल्यावर सरकारी कंपनीनेही गाड्या वाढवल्या, सवलतीचे दर आणले आणि रोम-मिलानचा विमानप्रवास मागे पडत गेला. पण ही स्पर्धा डब्याच्या आत आहे, डब्याखाली नाही. रूळ, सिग्नल, विजेच्या तारा आणि स्थानके आरएफआय या तिसऱ्या संस्थेकडे आहेत, तिला दोन्ही कंपन्या रूळ वापरल्याचे भाडे देतात, आणि ही आरएफआय त्रेनितालियाच्याच सरकारी समूहातली आहे. 2 ऑक्टोबर 2024 रोजी रोममध्ये दुरुस्तीच्या कामात एका केबलमध्ये खिळा घुसला आणि सिग्नलची वीज गेली, तर तेर्मिनी आणि तिबुर्तिना दोन्हीकडची वाहतूक काही तास ठप्प झाली आणि देशभर गाड्या रखडल्या. त्या दिवशी कोणत्या कंपनीचे तिकीट खिशात होते याने काहीही फरक पडला नाही. म्हणून अमुक कंपनी वक्तशीर आणि तमुक बेभरवशाची असे कोणी सांगू लागले की मी फार मनावर घेत नाही. उशिराची मोठी कारणे बहुधा रुळावर आणि मोठ्या शहरांच्या तोंडाशी असतात. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि पुढे कोकण रेल्वे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पनवेललाच रखडलेली गाडी कोकण रेल्वेच्या नावाने बोटे मोडून घेते हेही ठाऊक आहे.

संपाचे मात्र वेगळे आहे. इटलीत संप वरचेवर होतात आणि पुष्कळदा शुक्रवारी होतात. 1990 च्या कायद्याने निदान 10 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि त्यांचे वेळापत्रक परिवहन मंत्रालय प्रसिद्ध करते. सूचनेत संप कोणाचा आहे हे लिहिलेले असते. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा असेल तर दुसरी धावते, रूळ सांभाळणाऱ्यांचा असेल तर दोन्ही अडतात. संपातही काही गाड्या हमीने सोडल्या जातात आणि त्यांची यादी प्रत्येक कंपनी देते. परतीच्या आठवड्यात हे वेळापत्रक एकदा पाहून ठेवावे, आणि तसा काही संप दिसला तर दुसऱ्या कंपनीचे असणे हा या साऱ्या स्पर्धेचा खरा उपयोग आहे.

एक खास आपल्या माणसांसाठी. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा 2009 साली सुरू झालेला नवा मार्ग सुमारे 78 किलोमीटरचा आहे आणि त्यातले जवळपास 73 किलोमीटर बोगद्यांत आहेत. आपला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तिथला सर्वांत लांब बोगदा 18 किलोमीटरहून अधिक. खिडकीजवळच्या आसनासाठी या टप्प्यात जादा पैसे देऊ नयेत, काळ्या काचेत स्वतःचे तोंड पाहण्यापलीकडे काही मिळणार नाही. रोम ते फ्लॉरेन्स मात्र खिडकी घ्यावी, टेकड्यांवरची गावे सुरेख दिसतात. आणि फ्लॉरेन्सचे मुख्य स्थानक टोकाचे असल्यामुळे तिथे गाडी आली तशी उलट दिशेने बाहेर पडते. रोमहून थेट मिलानला जाणाऱ्यांचे आसन तिथे आपोआप पाठमोरे होते. ज्यांना उलट बसल्यावर मळमळते त्यांनी परतीच्या प्रवासात हे लक्षात ठेवावे.

खाडीपलीकडे (मालवण)

वरच्या चर्चेत कोणी सांगितले नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या सासूबाईंनाही गुडघ्याचाच त्रास आहे आणि आम्ही याच मार्गाने गेलो होतो.

मोठ्या स्थानकांवर साला ब्लू नावाचा मदत कक्ष असतो. चाकांची खुर्ची, डब्यापर्यंत सोबत आणि जरूर पडल्यास उचलणारी फळी ही सर्व मदत विनामूल्य मिळते, आधी नोंदणी करावी लागते. हा कक्ष आरएफआयचा आहे, म्हणून तिकीट कोणत्याही कंपनीचे असले तरी मदत मिळते. कंपनी निवडताना ही काळजी बाजूला ठेवता येईल. दोन्ही गाड्यांना दारात पायऱ्या आहेत आणि बॅग स्वतः चढवावी लागते, हमाल शोधत बसू नये. मोठ्या बॅगांसाठी डब्यात मांडण्या असतात, पण त्या लवकर भरतात, तेव्हा दारे उघडताच चढलेले बरे.

तेर्मिनी, चेंत्राले आणि फ्लॉरेन्स येथे फलाटाच्या तोंडाशी तिकीट तपासूनच आत सोडतात, त्यामुळे पोहोचवायला आलेल्या माणसाला डब्यापर्यंत येता येत नाही. फलाट क्रमांक फलकावर बऱ्याचदा गाडी सुटण्याच्या थोडेच आधी लागतो. आपल्याकडे डब्याचा क्रमांक फलाटावर आधीच दिसतो आणि आपण सामान मांडून उभे राहतो, तसे निवांत राहता येत नाही. सासूबाईंना घेऊन फलकाखाली उभे राहिलो तेव्हा क्रमांक लागला तो पार पलीकडच्या फलाटाचा, आणि आमचा डबा गाडीच्या पुढच्या टोकाला. तेवढे अंतर गुडघा धरून चालणे म्हणजे काय ते तुम्ही समजू शकाल. आसन निवडताना कोणता डबा फलाटाच्या तोंडाशी येतो हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणूनच साला ब्लूची खुर्ची आधी सांगून ठेवावी.

तिकिटाच्या प्रकारावरही बोलायला हवे. दोन्ही कंपन्यांत तीन पायऱ्या असतात: सर्वांत महाग तिकीट हवे तेव्हा बदलता येते, मधले फरक किंवा शुल्क भरून बदलता येते, आणि सर्वांत स्वस्तात बदल किंवा परतावा यांची आशा जवळजवळ सोडायची. आमचे विमान मुंबईहूनच उशिरा निघाले आणि उतरण्याच्या दिवसाचे सर्वांत स्वस्त तिकीट आमच्या हातात होते. ते गेले. कंपनीचा दोष नव्हता, अटी स्पष्ट होत्या, पण काउंटरवरच्या मुलीने ज्या थंडपणे नवे तिकीट पुढे केले तो अजून आठवतो. तेव्हा विमानानंतरच्या पहिल्या गाडीला आणि विमानाआधीच्या शेवटच्या गाडीला स्वस्त तिकीट नको, मधल्या टप्प्यांना खुशाल घ्या.

पैसे भरताना आपले कार्ड नाकारले जाण्याची एक साधी शक्यता असते. परदेशी व्यवहार कार्डावर मुळात बंद ठेवलेले असतात, ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात. दोन्ही कंपन्यांची स्वतःची अॅप इंग्रजीत आहेत, मधल्या दलालांच्या अॅपवर बऱ्याचदा वर शुल्क लागते आणि उशिराची भरपाई मागताना आणखी एक माणूस मध्ये येतो.

मिऱ्या_बंदर (रत्नागिरी)

सर्वांच्या सल्ल्यावरून काल मुलीबरोबर फोनवर बसून ठरवले ते कळवतो. रोममध्ये उतरण्याच्या दिवशी पुढची गाडी नाहीच, त्यामुळे तो धोका नाही. रोम ते फ्लॉरेन्स इतालोचा प्रीमा वर्ग मिळाला, सवलतीच्या कोडमुळे तो फ्रेच्चारोस्साच्या खालच्या वर्गापेक्षाही कमी पडला. फ्लॉरेन्सहून दुपारची रोगोरेदोला थांबणारी सोयीची गाडी फ्रेच्चारोस्साची निघाली, म्हणून तिथे ती घेतली. परतीला पाविया ते रोम एकाच तिकिटावर त्रेनितालियाचे, बदलता येणाऱ्या प्रकारातले घेत आहोत, आणि विमानाच्या आदल्या दिवशी रोमला येऊन मुक्काम करणार आहोत. सौ.ला रोगोरेदो पटले, कारण तिथे भर दुपारी उतरायचे आहे. साला ब्लूला मुलगी इटालियनमधून लिहिणार आहे.

एक शेवटची शंका. रोगोरेदोहून पावियाचे तिकीट इथूनच काढून ठेवावे का?

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)

जरूर नाही, काका. भाडे ठरलेले आहे, आधी काढल्याने एक पैसाही वाचत नाही. स्थानकावरच्या यंत्रातून घ्या, आणि कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या लहान यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, तो नसेल तर तपासनीस दंड करतो. एस 13 ची अखेर पावियालाच आहे, त्यामुळे झोप लागली तरी पुढे निघून जाण्याची भीती नाही. जेनोव्हाकडे जाणाऱ्या गाड्याही पावियाला थांबतात, पण त्या पुढे जातात. त्यांतली एखादी आधी मिळाली तर मात्र उतरण्याकडे लक्ष ठेवा.